तेरा स्पीकर, चार चॅनेल

प्रश्न: गाडीत लावायला माझ्याकडे चार चॅनेलचा ॲम्प (ॲम्प्लिफायर) पडून आहे, दर चॅनेलला ४ ओहमवर ७५ वॅट आरएमएस (सलग मिळणारी पॉवर). पुढच्या दारांत साडेसहा इंची कंपोनंट (खालच्या सुरांचा वूफर आणि बारीक सुरांचा ट्विटर वेगळे असलेला सेट) लावायचेत, डॅशबोर्डवर ३ इंची मिडरेंज (मधल्या सुरांचा स्पीकर), ए-पिलरवर (पुढच्या काचेच्या बाजूच्या खांबांवर) कंपोनंटची धरून ट्विटरच्या दोन जोड्या (मित्र म्हणतो एका जोडीने आवाज उघडत नाही), मागच्या दारांतही कंपोनंट आणि डिकीत १० इंची सब (खोल बेसचा स्पीकर). सिरीज-पॅरलल करून हे सगळं या एकाच ॲम्पवर बसेल का?

उत्तर: मोजलं तर तेरा स्पीकर होतात हो! बसवायला बसतील, पण ऐकवणार नाहीत. स्पीकरची यादी करायच्या आधी चॅनेलची यादी करायची, कारण वेगळं चॅनेल नसेल तर त्या स्पीकरचा आवाज, कटऑफ (कुठल्या फ्रिक्वेन्सीला सुरू व्हायचं किंवा थांबायचं), डिले (आवाज किती उशिरा सोडायचा) यातलं काहीच वेगळं सेट करता येत नाही, तो फक्त दुसऱ्याच्या मागे फरफटत जातो.

आता मित्राच्या दोन जोड्या ट्विटरचं बघू. कंपोनंट सेटसोबत जो पॅसिव्ह क्रॉसओव्हरचा (वूफर आणि ट्विटरमध्ये आवाज वाटणारा) डबा येतो तो ठराविक ओहमचा ट्विटर धरून बनवलेला असतो, त्यावर दुसरा ट्विटर पॅरलल लावला की ४ चे २ ओहम होतात आणि ट्विटरच्या लाईनीत नुसता कपॅसिटर असेल तर कटऑफ सरळ दुप्पट, म्हणजे ३ किलोहर्ट्झला सुरू होणारा ट्विटर आता ६ ला सुरू होणार. खालचा वूफर आपला ३ लाच थांबलाय, मग मधलं कोण वाजवणार? नेमका तिथेच गाण्यातल्या शब्दांचा स्पष्टपणा असतो. आणि हे कसंतरी निस्तरलं तरी एकच आवाज दोन जागांहून येतो, ५ किलोहर्ट्झची तरंगलांबी साधारण ७ सेंटीमीटर, त्यामुळे कानापर्यंतच्या अंतरात साडेतीन सेंटीमीटरचा फरक पडला की दोन्ही ट्विटर एकमेकांना खातात, डोकं जरा हलवलं की झांजेचा आवाज बदलतो. एक जोडी. बस. ती उघडत नसेल तर तिची दिशा बदलून बघा, आधी समोरच्या दोन सीटच्या मधोमध रोखून आणि मग थोडी बाहेर फिरवून, पक्कं भोक पाडायच्या आधी डबल टेप लावून दोन-चार दिवस ऐका.

डॅशबोर्डवरचा ३ इंची मिड ही कल्पना मात्र वाईट नाही, उलट चांगली आहे, फक्त तुमच्या चॅनेलांत बसत नाही. साडेसहा इंची कोन साधारण अडीच किलोहर्ट्झच्या वर टॉर्चसारखा एका दिशेला आवाज फेकायला लागतो, आणि दारात तो तुमच्या पोटऱ्यांकडे तोंड करून बसलेला असतो, म्हणून वरचं काम त्याच्याकडून काढून कानाच्या उंचीला आणणं केव्हाही फायद्याचं. पण पुढे थ्री-वे ॲक्टिव्ह (प्रत्येक स्पीकरला स्वतःचं चॅनेल) करायचं तर ६ चॅनेल, सबचं एक, वर डीएसपी (आवाज वाटणारा डिजिटल प्रोसेसर). पॅसिव्हच हवं असेल तर थ्री-वे म्हणून एकत्र विकला जाणारा, स्वतःचा क्रॉसओव्हर असलेला सेटच घ्या, टू-वेच्या डब्यात तिसरा स्पीकर घुसवू नका.

मागच्या कंपोनंटचं थोडक्यात सांगतो, नको. स्टेजकडे पाठ करून कोण ऐकतं? मागे कोणी बसत असेल तर कंपनीचे जे स्पीकर आहेत ते हेड युनिटवरच (डॅशबोर्डमधल्या स्टिरिओवरच) हळू वाजू देत.

मी असतो तर चॅनेल १-२ वर पुढचे टू-वे कंपोनंट त्यांच्या पॅसिव्ह क्रॉसओव्हरसकट, आणि ३-४ ब्रिज करून (दोन्ही चॅनेल एकत्र जोडून) सब. इथे एकच गोष्ट डोळ्यात तेल घालून बघायची, बरेच चार चॅनेल ॲम्प ब्रिज केल्यावर ४ ओहमच्या खाली चालत नाहीत (तुमच्या मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असेल), त्यामुळे सब सिंगल कॉइल ४ ओहमचा घ्या, किंवा ड्युअल (दोन कॉइलचा) २ ओहमचा घेऊन कॉइल सिरीजमध्ये जोडा. ड्युअल ४ वाला घेतलात तर पॅरललला २ होतात आणि सिरीजला ८, दोन्हीकडून पंचाईत. कटऑफ सुरुवातीला असे ठेवा: दारांना हाय-पास (त्याच्या वरचंच वाजू देणारा) ८० हर्ट्झ, सबला लो-पास (खालचंच वाजू देणारा) ८०, आणि मग कानाने थोडं इकडेतिकडे. सब जोडून झाल्यावर त्याची पोलॅरिटी एकदा उलटी करून बघा, ज्या बाजूला बेस भरीव आणि पुढून आल्यासारखा वाटेल ती बरोबर, वायरवर प्लस-मायनस काय लिहिलंय याच्याशी कानाला घेणंदेणं नसतं.

आणि वाचलेल्या आठपैकी... म्हणजे जे स्पीकर आता घेणार नाही त्यांचे पैसे दारात घाला. दार म्हणजे स्पीकरचा डबाच आहे, पण भोकं पडलेला. पॅड काढलंत की आत जे मोठे कटआउट दिसतात त्यातून कोनच्या मागचा आवाज पुढे येतो आणि पुढच्या आवाजाला मारतो, बेस गायब. बाहेरच्या पत्र्याला आतून ब्यूटाइलची डॅम्पिंग शीट रोलरने घट्ट दाबून लावा, ती कटआउट बंद करा, स्पीकरखाली घट्ट रिंग द्या (एमडीएफची असेल तर आधी सील करा, दारात पाणी येतंच आणि ते फुगतं), पण दाराच्या तळाची पाणी निघायची भोकं चुकूनही बुजवू नका. काच पूर्ण खाली करून बघितल्याशिवाय स्पीकरची खोली ठरवू नका हेही आलंच.

प्रश्न: पुढे कंपोनंट लावलेत, आवाज मस्त आहे, पण गायक माझ्याच दारात बसल्यासारखा वाटतो. बॅलन्स दुसऱ्या बाजूला केला की तिकडचाच आवाज मोठा होतो, गायक काही मधे येत नाही. काय करू?

उत्तर: बॅलन्सने फक्त आवाज कमीजास्त होतो, पण तुमच्या बाजूचा आवाज आधी पोचतोय, आणि कान जो आधी येईल त्याच्याकडे वळतो. म्हणून टाइम अलाइनमेंट लागतं, हल्ली बऱ्याच हेड युनिटमध्येही असतं. सीट नेहमीसारखी ठेवून टेपने प्रत्येक स्पीकर ते डोकं अंतर मोजा. समजा सब १८० सेंटीमीटर, पलीकडचं दार १४०, पलीकडचा ट्विटर १२०, तुमचं दार ९०, तुमचा ट्विटर ७५. सगळ्यात लांबचा सब, त्याला शून्य, बाकीच्यांना त्याच्यापेक्षा जेवढे जवळ तेवढं थांबवायचं. आवाज एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटीमीटर जातो, म्हणजे तुमच्या ट्विटरला १०५ भागिले ३४.३, तीन मिलिसेकंदांच्या थोडं वर, तुमच्या दाराला २.६, पलीकडच्या ट्विटरला १.७५ आणि पलीकडच्या दाराला १.१७. पॅसिव्ह क्रॉसओव्हर असेल तर ट्विटर आणि वूफर एकाच चॅनेलवर असतात, त्यांना वेगळा डिले देता येत नाही, मग मधला आकडा टाकायचा आणि कानाने हलवायचा, तरीही फरक चांगलाच कळतो. बाजूला बसलेल्याला मात्र सगळं तुमच्याकडे ओढलेलं वाटणार, दोन्ही सीट एकदम खूश होत नाहीत.

प्रश्न: ॲम्पवरचा गेन पूर्ण उघडला की आवाज मोठा होतो पण फाटतो, आणि गाणं बंद असताना इंजिन रेस केलं की कुईंऽऽ असा आवाज येतो. ॲम्प खराब आहे का?

उत्तर: बहुतेक नाही. गेन म्हणजे व्हॉल्यूम नव्हे, हेड युनिटचं आउटपुट ॲम्पच्या इनपुटशी जुळवायचं बटण आहे ते. ७५ वॅट ४ ओहमवर म्हणजे ७५ गुणिले ४ चं वर्गमूळ, १७.३ व्होल्ट. स्पीकरच्या वायरी काढा, ईक्यू (बेस-ट्रेबलची सेटिंग) फ्लॅट, हेड युनिट पाऊण व्हॉल्यूमला, १ किलोहर्ट्झचा टेस्ट टोन लावा, मल्टिमीटर एसीवर ठेवून ॲम्पच्या आउटपुटला लावा आणि १७ च्या आसपास आकडा आला की गेन सोडून द्या. सबला हेच ५० हर्ट्झच्या टोनने, त्याच्या वॅटचा हिशोब करून.

कुईंऽऽ म्हणजे अल्टरनेटरचा आवाज, गाडीच्या आरपीएमबरोबर चढतो-उतरतो. आधी ग्राउंड बघा: बोल्टखालचा रंग खरवडून चकचकीत पत्र्यावर घट्ट, वायर अर्ध्या मीटरच्या आत, सीटबेल्टच्या बोल्टला हात लावायचा नाही. मग आरसीए केबल (हेड युनिटकडून ॲम्पला आवाज नेणारी) आणि बॅटरीची मेन वायर गाडीच्या दोन वेगळ्या बाजूंनी नेल्यात का ते बघा. गेन कमी केल्यावर हा आवाजही निम्म्याने उतरेल असं मला वाटतंय.

मेन वायर उघडलीच आहे तर फ्यूजही तपासा, तो बॅटरीपासून ४५ सेंटीमीटरच्या आत हवा, ॲम्पजवळ लावलेला पुरत नाही, कारण तो ॲम्प वाचवायला नसून वायर वाचवायला असतो, मधेच कुठे पत्र्यावर घासून शॉर्ट झाली तर बॅटरीपासून त्या जागेपर्यंतचा तुकडा नुसता तापत राहतो. वायर तांब्याचीच घ्या, तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची त्याच गेजमध्ये कमी करंट नेते. आणि फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातून) जिथे आत येते तिथे रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेची रिंग) नसेल तर आज गाडी चालवायच्या आधी बॅटरीकडची ती वायर सोडवून ठेवा.