भांड्यांवरच्या नावांपासून सुरुवात करा

तुम्ही विचारलंय की आजी ८६ वर्षांची आहे, घरातल्या वंशावळीत फक्त पुरुषांची नावं आहेत, तिच्याकडून घराण्याची माहिती लिहून घ्यायची तर सुरुवात कुठून करू, आणि इतिहास न शिकलेल्या माणसाला हे जमतं का.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. जमतं. माझ्या सासूबाई जुन्या मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या. आयुष्यभर घर सांभाळलं, नोकरी केली नाही, आणि जवळजवळ पंचावन्न वर्षं हेच काम केलं. २०१७ साली ८३व्या वर्षी त्या गेल्या. मी त्यांना आईच म्हणायचे, म्हणून इथेही आईच लिहिते.

त्यांची सुरुवात झाली ती पानशेतच्या पुरानंतर. १२ जुलै १९६१ला सकाळी पानशेतचं धरण फुटलं, त्या लोंढ्याने खालचं खडकवासलाही फुटलं आणि पुण्यातल्या नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. आमचा वाडा शनिवार पेठेत. आई तेव्हा सत्तावीस वर्षांच्या, कडेवर माझे यजमान. अंगावरच्या कपड्यांनिशी सगळे शुक्रवार पेठेत नातेवाइकांकडे गेले. परत आले तेव्हा माजघरात गुडघाभर गाळ होता. कागदांची लोखंडी पेटी उघडली तर आत नुसता लगदा. वंशावळ, जन्मपत्रिका, जुने मोडी कागद, सगळं त्यात. आजेसासरे (आई त्यांना मामंजी म्हणत) त्या पेटीजवळ बसून राहिले, दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत.

गाळातून भांडी मात्र निघाली. आई चौकात बसून चिंच आणि राख लावून एकेक घासत होत्या. एका पितळी घंगाळाच्या काठाखाली ठिपक्याठिपक्यांची अक्षरं उमटली. कासार पूर्वी छिन्नीने टोचे मारून नाव घालायचा, तशी. त्यावर होतं: ‘चि. सौ. द्वारका हीस मामाकडून शके १८२१’. शकात ७८ मिळवले की इसवी सन मिळतं, म्हणजे १८९९.

द्वारका कोण, हे वाड्यात कुणालाच माहीत नव्हतं. आईंनी मामंजींना विचारलं. ते म्हणाले, आपल्याकडे द्वारका कुणी नव्हतीच. त्यांच्या आईचं नाव लक्ष्मी. ती गेली तेव्हा ते पाच वर्षांचे होते. आईंनी मामंजींच्या आजोळी, वाईला, जोडकार्ड (उत्तरासाठी कोरं कार्ड जोडलेलं पोस्टकार्ड) टाकलं. पंधरा दिवसांनी जोडाचा अर्धा भाग परत आला. ‘आमच्या आत्याचे माहेरचे नाव द्वारका. लग्नात लक्ष्मी ठेवले.’ मामंजींनी ते कार्ड तीनदा वाचलं. छप्पन्न वर्षांच्या माणसाला आपल्या आईचं पाळण्यातलं नाव त्या दिवशी कळलं.

आई हे सांगताना दरवेळी इथे थांबायच्या. नवऱ्याने ताटातल्या तांदळात अंगठीने नवं नाव लिहिलं की आधीची मुलगी कागदावरून संपते, असं त्या म्हणायच्या. त्यांचं स्वतःचंही नाव बदललं होतं. तेव्हापासून त्यांनी वहीत प्रत्येक बाईसाठी चार रकाने आखले: माहेरचं नाव, माहेरचं आडनाव, गाव, आणि ‘हे कुणी सांगितलं’. आमच्या घराण्यात सहा पिढ्यांत सात लक्ष्मीबाई आहेत. माहेरच्या नावाशिवाय एकीला दुसरीपासून वेगळं करताच येत नाही.

म्हणून माझा पहिला सल्ला भांड्यांचाच आहे. माळ्यावरची, पोटमाळ्यावरची, बँकेच्या लॉकरमधली चांदीचीसुद्धा. बुडाखाली, काठाच्या आत, कडीजवळ बघा. नाव, देणाऱ्याचं नातं, कधी गाव, कधी तारीख सापडते. आणि एक भांडं आजीच्या हातात द्या. ‘आजी, आपल्या घराण्याची माहिती सांग’ असं म्हटलंत तर ती म्हणेल, काय सांगू, सगळी गेली आता. ‘ही परात कुणाची?’ म्हणालात तर तासभर बोलेल. हे मी आईंबरोबर डझनभर घरांत पाहिलंय.

दुसरी जागा म्हणजे श्राद्धाची यादी. श्राद्धात वडील, आजोबा, पणजोबा आणि आई, आजी, पणजी अशी नावं गोत्रासकट घेतात. पितृपक्षात तर आईकडच्या माणसांची आणि आत्या-मावश्यांचीही घेतात, म्हणून पुष्कळ घरांत गुरुजींसाठी लिहिलेला एक कागद पोथीत किंवा देवघराच्या खणात असतो. ज्यांच्याकडे हे विधी बंद झालेत त्यांच्याकडेही तो कागद कित्येकदा शिल्लक असतो. तो शोधा. नावं सासरचीच मिळतील, पण तीन पिढ्यांच्या बायका एका ओळीत सापडतील.

मग तीर्थोपाध्याय, म्हणजे तीर्थक्षेत्री येणाऱ्या घराण्यांच्या नोंदी वहीत ठेवणारे गुरुजी. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पैठण, लांबचं म्हटलं तर काशी आणि गया. आडनाव आणि मूळ गाव सांगितलं की ते आपल्या घराण्याची वही काढतात. १९९३ साली मी आईंना घेऊन एसटीने नाशिकला गेले होते. लांबलचक, मांडीवर पसरावी लागेल अशी वही. गुरुजींनी पानं उलटली आणि बोट ठेवलं. आमच्या घरातली एक विधवा जाऊ-नणंदांबरोबर गोदावरीवर आली होती, तिची नोंद. वंशावळीत ती कुठेच नव्हती, कारण तिला मूल नव्हतं. तिने सांगितलेली नावं उपाध्यायांनी लिहून घेतली होती, शेवटी तिचं स्वतःचं. आई बराच वेळ त्या पानावर हात ठेवून बसल्या. गुरुजींनीही घाई केली नाही.

ती नोंद मोडीत होती आणि आईंनी ती स्वतः वाचली. पन्नाशी ओलांडल्यावर त्या मोडी शिकल्या होत्या. सदाशिव पेठेत भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, राजवाडे आणि मेहेंदळे यांनी १९१० साली स्थापन केलेलं. तिथे मोडीचे वर्ग भरतात. तुम्ही पुण्यात असाल तर जरूर जा. मोडीत आधी आडवी रेघ ओढतात, मग तिला अक्षरं टांगतात. शब्द तोडत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. सुरुवातीला एक ओळ लावायला आईंना अख्खी दुपार लागायची. मी लग्न होऊन आले १९८९ साली. तेव्हा पोळ्या लाटताना त्या पुटपुटायच्या, ‘इहिदे, इसन्ने, सलास, अर्बा, खमस, सीत, सबा, समान, तिसा’. मला वाटलं कुठलं स्तोत्र आहे. ते सुहूर सनाचे आकडे, जुन्या कागदांवर अरबी शब्दांत लिहायचे ते.

या आकड्यांनीच आमच्या घरात मोठं वादळ उठवलं. आमच्याकडे पिढ्यानपिढ्या सांगितलं जायचं की घराण्याचे मूळ पुरुष १४ जानेवारी १७६१ला पानिपतावर पडले. मुंजीत, बारशात, सगळीकडे ही गोष्ट व्हायची. गावाकडच्या भाऊबंदांच्या माळ्यावर एक रुमाल होता. रुमाल म्हणजे कागदांचं कापडी गाठोडं. तो आईंनी महिनाभर बसून लावला. त्यात कोठीच्या तुपाच्या हिशेबाचा एक कागद निघाला, खाली याच पुरुषाचं नाव, वडिलांचं नाव, गाव, आणि सन ‘सलास सबैन मया व अलफ’. तीन, सत्तर, शंभर, हजार: ११७३. त्यात ५९९ मिळवा. इसवी सन आलं १७७२-७३. पानिपतानंतर अकरा वर्षांनी ते तूप मोजत होते.

मोठे काका संतापले. एवढ्या वर्षांची घराण्याची अब्रू सून घालवते म्हणाले, दोन वर्षं आमच्याकडे गणपतीला आले नाहीत. आई वाद घालत बसल्या नाहीत, पण वहीतली ओळ बदललीही नाही. एका बाजूला ‘घरातली समजूत’ लिहिलं, दुसऱ्या बाजूला ‘कागद’, आणि दोन्हीखाली कुठून मिळालं ते. मला म्हणाल्या, “अगं, तो माणूस जिवंत परत आला याचा कुणाला आनंद कसा होत नाही?” तुमच्याही घरात अशी एखादी गोष्ट निघेल. आजीने सांगितलेली गोष्ट खोडू नका, तिच्याच शब्दांत लिहा. कागद काय म्हणतो ते शेजारी लिहा.

एक कटू अनुभवही सांगते, म्हणजे तुम्ही सावध राहाल. नव्वदच्या दशकात घराण्याचा कुलवृत्तांत, म्हणजे वंशावळीचं पुस्तक, छापायचं ठरलं. ज्यांनी ते अंगावर घेतलं त्यांनी आईंच्या वह्या मागून नेल्या. पुस्तक आलं तेव्हा माहेरच्या नावांचा रकाना त्यात नव्हता. जागेअभावी गाळला, असं सांगितलं. वह्या परत आल्या तेव्हा एकीची मधली आठ पानं गायब होती. आई रडल्या, मी त्यांना तशा फक्त त्याच दिवशी पाहिलं. मग त्यांनी छापील प्रत घेतली, पेन्सिलीला टोक केलं आणि प्रत्येक पुरुषाच्या नावाशेजारी समासात बारीक अक्षरांत बायकोचं पूर्ण नाव लिहायला घेतलं. रोज चार-पाच. सात-आठ महिने लागले. ती प्रत आज माझ्याकडे आहे. तेव्हा मूळ वही, मूळ कागद कुणालाही देऊ नका, सख्ख्या भावालाही नाही. आता तर मोबाईल आहे, फोटो काढून द्या. जुन्या कागदाला लॅमिनेशन करू नका, चिकटपट्टी लावू नका. सुती कापडात गुंडाळा, कोरड्या जागी ठेवा.

आणि फक्त आडनावापाशी थांबू नका. आईंचं मला सर्वांत मोलाचं वाटतं ते काम घराण्याचं नाहीच, वाड्याचं आहे. पुरानंतर वाड्यातली निम्मी बिऱ्हाडं पांगली. कुणी गोखलेनगरला, कुणी सहकारनगरला. आई पीएमटीच्या बसने त्यांच्याकडे जात, वाड्याचा नकाशा पुढे ठेवत. नकाशा त्यांनीच काढलेला, खणांनी (दोन तुळयांमधल्या अंतरांनी) मोजून. कुठल्या खोलीत कोण, कधीपासून, भाडं किती, बाळंतपण कुठल्या खोलीत व्हायचं, पहाटे नळावर पहिली कळशी कुणाची. धुणंभांडी करणाऱ्या बाईंचं माहेरही त्या नकाशावर आहे. नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावातून जमिनीखालच्या दगडी नळाने शहरात पाणी आणलं, काळा हौद, बदामी हौद, नाना हौद त्याच पाण्यावर भरायचे, हे पुस्तकात मिळतं. पण त्या हौदावर पाणी भरताना बायका काय बोलायच्या, कुणाची पाळी कुणानंतर, हे आईंनी तिथे पाणी भरलेल्या बायकांकडून लिहून घेतलं. त्या बायकांपैकी आज कुणीही नाही. वाडाही नाही, तिथे सहा मजली इमारत आहे.

लग्नानंतरच्या पहिल्याच गणपतीत, गौरींच्या दिवशी, पुरणाला कणीक भिजवता भिजवता आईंनी मला विचारलं, “तुझ्या आईच्या आईचं माहेर कुठलं गं?” मला सांगता आलं नाही. माझ्याकडे वाड्याचा इतिहास नाही, पेशवाईतला कागद नाही, तरी आपली स्वतःची आजी कुठून आली हे माहीत नसावं याची मला लाज वाटली. दुसऱ्या दिवशी माझ्या आईला विचारलं. तिने चटकन सांगितलं: नाव, आडनाव, जुन्नरजवळचं गाव. मग मी विचारलं, “आणि तिच्या आईचं?” आई म्हणाली, “ते तुझ्या मावशीला माहीत होतं.” मावशी त्याच वर्षी संक्रांतीनंतर गेली होती.

सासूबाईंच्या वहीत माझ्या पानावर तो रकाना अजून रिकामा आहे. त्यात त्यांनी पेन्सिलीने एक बारीक टिंब दिलंय, पुढे कधी सापडलं तर खोडता यावं म्हणून. मी अजून शोधते आहे. गेल्या उन्हाळ्यात जुन्नरला जाऊन आले.

तुमची आजी ८६ची आहे. सकाळी तिला थकवा असेल, दुपारच्या चहानंतर बसा. फोनवर आवाज रेकॉर्ड करा, पण फोन बाजूला पालथा ठेवा, वही मांडीवर घ्या. बोलायला लागली की तारखा विचारून तोडू नका. ‘पुराच्या आधी की नंतर’, ‘तुझ्या लग्नाआधी की नंतर’ एवढंच विचारा, सन आपल्याला नंतर लावता येतं. ऐकू कमी येत असेल तर भांडं किंवा फोटो हातात द्या आणि गप्प बसा. आणि पहिल्या दिवशी एकच प्रश्न पुरे: आजी, लग्नाआधी तुला काय म्हणायचे?