शीतयुद्धात छोटे देश महासत्तांच्या हातातली प्यादी होते का?

प्रश्नात पुढे लिहिलंय, 'अंगोलासारख्या देशांना स्वतःचं मत होतं, की मॉस्को-वॉशिंग्टन सांगतील तसे ते लढत होते?' अंगोलाचं नाव दिसलं म्हणून लिहितोय.

मत होतं, आणि चांगलं ठाम होतं.

मी जहाजावर इंजिनिअर. काही वर्षं अंगोलाच्या काबिंडा प्रांताच्या किनाऱ्यावर, समुद्रातल्या तेलविहिरींना माल पोचवणाऱ्या बोटीवर होतो. माझ्या हाताखाली तिथलाच एक वयस्कर ऑइलर (इंजिनांना तेल-वंगण घालणारा कामगार) होता. एकदा इंधन साफ करणारा प्युरिफायर उघडून त्याच्या डिस्क डिझेलमध्ये धूत बसलो होतो, तेव्हा गोष्ट निघाली. तरुणपणी तो अंगोलातल्या एमपीएलए या डाव्या पक्षाच्या सरकारच्या सैन्यात होता आणि याच विहिरींवर पहारा द्यायचा. विहिरी अमेरिकेच्या गल्फ ऑइलच्या, पहाऱ्याला सोबत क्युबन सैनिक. तेलाचा पैसा सरकारकडे जायचा आणि त्यातून रशियन हत्यारं यायची. तिकडे अमेरिका याच सरकारविरुद्ध साविंबी या बंडखोर नेत्याच्या उनिटा संघटनेला मदत करत होती. मी विचारलं, 'तुम्हाला हे विचित्र नाही वाटलं?' फडकं न थांबवता म्हणाला, 'तेल आमचं होतं. घेणारा कोण, याने आम्हाला काय फरक पडणार?'

११ नोव्हेंबर १९७५ ला पोर्तुगीज गेले. त्याआधीच दक्षिण आफ्रिकेची फौज खालून आत घुसली होती. क्युबाच्या कॅस्ट्रोने एमपीएलएच्या मदतीला सैन्य पाठवलं ते मॉस्कोला न विचारता. चीन कम्युनिस्ट, पण तो सीआयएच्याच बाजूने, एफएनएलए या एमपीएलएविरोधी गटाच्या पाठीशी. साविंबी स्वतः चीनमध्ये प्रशिक्षण घेऊन आलेला, आणि १९८६ मध्ये त्यालाच अमेरिकेचे अध्यक्ष रेगन यांच्याकडून स्टिंगर क्षेपणास्त्रं मिळाली. कोण कोणाला वापरत होतं, सांगा. १९९१ ला सोव्हिएत संघ संपला तरी युद्ध संपलं नाही. फेब्रुवारी २००२ मध्ये साविंबी मारला गेला, तेव्हा कुठे बंदुका खाली आल्या. खेळणारा उठून गेल्यावर प्यादी दहा वर्षं लढत नाहीत.

आमच्या घरी हा वाद जुना आहे. मेव्हणे राज्यशास्त्र शिकवतात. गणपतीत सगळे जमलो की त्यांचं ठरलेलं वाक्य, 'सगळं वरून ठरायचं.' तेच मेव्हणे नेहरूंच्या अलिप्ततेवर तासभर बोलतात. आपण पीएल ४८० या मदत योजनेतला अमेरिकन गहू रेशनवर खाल्ला, भिलाईचा कारखाना रशियाकडून उभारून घेतला, नाशिकजवळ ओझरला मिग बनवले. हे आपलं शहाणपण आणि अंगोलाने तेच केलं तर तो बाहुला? हा दुटप्पीपणा मला पटत नाही आणि कधी पटणारही नाही. परीक्षेसाठी विचारत असाल तर उत्तरात काबिंडाच्या विहिरी नक्की लिहा, आणि कुणी 'वरून ठरायचं' म्हणालं तर हे भिलाई-ओझरचं उदाहरण पुढे करा.

महासत्तांना मी सोडत नाहीये. शेतांत पेरलेले सुरुंग बाहेरूनच आले, आणि त्यांनी पाय गमावलेली माणसं मी अंगोलाची राजधानी लुआंडाच्या रस्त्यांवर पाहिली आहेत. आणि सगळीकडे असंच होतं असंही नाही. ग्वाटेमालात १९५४ ला सीआयएने निवडून आलेलं सरकार पाडलं, हंगेरीत १९५६ ला रशियन रणगाडे शिरले. तिथल्या लोकांनाही मत होतं, पण ते चिरडलं गेलं. तेवढ्यापुरतं मेव्हण्यांचं बरोबर आहे. अंगोलाच्या बाबतीत नाही.