मुलीने बी.एड. करावे की प्रौढांना इंग्रजी शिकवावे?

पत्र थोडक्यात: सातारा शहरातील एका निवृत्त माध्यमिक शिक्षकांचे हे पत्र आहे. त्यांची पंचवीस वर्षांची मुलगी शिवाजी विद्यापीठातून इंग्रजी विषयात एम.ए. झाली असून पोवई नाक्याजवळच्या एका क्लासमध्ये संध्याकाळी नोकरदारांना आणि गृहिणींना इंग्रजी संभाषण शिकवते. तिला आता ‘सेल्टा’ हा प्रौढांना इंग्रजी शिकवण्याचा प्रशिक्षणक्रम करायचा आहे. तिने बी.एड. करून अनुदानित शाळेत लागावे, असे वडिलांचे मत आहे. त्यांनी क्लासचालकांना परस्पर फोन करून ‘जूनपासून ती येणार नाही’ असे कळवले आहे. बी.एड. साताऱ्यात करावे की कराडला, आणि मुलीची समजूत कशी घालावी, असे दोन प्रश्न त्यांनी विचारले आहेत.

आदरणीय सर,

सप्रेम नमस्कार. आपल्या दोन्ही प्रश्नांकडे मी थोड्या वेळाने येतो, कारण पत्रातील ज्या वाक्याने मला अस्वस्थ केले त्यात प्रश्न नव्हताच. ‘क्लासचालक ओळखीचे असल्याने मीच फोन करून सांगून टाकले, तेव्हापासून ती माझ्याशी मोजकेच बोलते,’ असे आपण सहज लिहून गेला आहात. स्वतः कमावणाऱ्या, उच्चशिक्षित मुलीने काम कधी सोडायचे हे तिच्या माघारी ठरावे आणि ते तिच्याआधी तिच्या मालकांना कळावे, यात आपल्याला काही वावगे वाटले नाही, याचे मला नवल वाटते. विद्यार्थी म्हणून आपण ज्यांना हाताळलेत ते दहा ते सोळा वर्षांचे होते आणि त्यांच्या वतीने मोठ्यांनी निर्णय घेणे रास्त होते. आपली मुलगी त्या वयातून बाहेर पडून बराच काळ लोटला आहे. तिची समजूत कशी घालावी हे मला विचारण्याआधी आपण क्लासचालकांना दुसरा फोन करावा आणि पहिला फोन तिला न विचारता केला होता हे त्यांना स्पष्ट सांगावे, एवढी विनंती करतो.

पत्राच्या तिसऱ्या पानावर खरे कारण सापडते, असे माझे मत झाले आहे. स्थळे येतात तेव्हा ‘मुलगी क्लास घेते’ असे सांगायला संकोच वाटतो आणि ‘हायस्कूलला शिक्षिका आहे’ म्हटले की समोरचा सावरून बसतो, असे आपण लिहिले आहे. हा संकोच मी समजू शकतो. आपल्या भागात ‘कुठे लागली?’ या प्रश्नाला संस्थेचे नाव हेच उत्तर समजले जाते. परंतु बैठकीतल्या पाच मिनिटांच्या ओळखीसाठी कोणी आपली पुढची तीस वर्षे बेतावीत, हा सल्ला माझ्याकडून मिळणार नाही. आणि तिच्या कामाची ओळख करून देताना जे सासरे सावरून बसणार नाहीत, ते तिच्या पगाराकडे आणि संध्याकाळच्या वेळेकडे पुढेही त्याच नजरेने पाहतील. ते आधीच कळलेले बरे.

शाळेच्या वाटेविषयी आपल्याला सांगण्यासारखे फार नाही: दोन वर्षांचे बी.एड., पहिली ते आठवीसाठी टीईटी ही शिक्षक पात्रता परीक्षा, मग अभियोग्यता चाचणी आणि शिक्षकभरतीचे सरकारी संकेतस्थळ असलेले पवित्र पोर्टल. कराड की सातारा, याने फरक पडतो तो फक्त एस.टी.च्या पासाला. मात्र ‘पेन्शनची नोकरी’ असा जो शब्द आपण तीनदा वापरला आहे, त्याबाबत सावध करणे आवश्यक वाटते. आपल्याला लागू असलेली जुनी पेन्शन योजना १ नोव्हेंबर २००५ नंतर नेमणूक झालेल्यांना सरसकट मिळत नाही, आणि नव्या शिक्षकाची पहिली तीन वर्षे शिक्षणसेवक म्हणून मानधनावर जातात. माध्यमिकसाठी ते मानधन २०२३ मध्ये वाढवून महिना १८,००० रुपये करण्यात आले. आपण ज्या नोकरीची शिफारस करीत आहात ती आपण केलेली नोकरी राहिलेली नाही, हे विसरून चालणार नाही.

आता आपल्या पत्रातील मुख्य गैरसमजाकडे वळतो, कारण तो एकट्या आपला नाही. ‘मी आयुष्यभर इंग्रजी शिकवले, मोठ्यांना शिकवायला वेगळे काय शिकायचे? उलट ते सोपे, त्यांना दंगा करू नका म्हणावे लागत नाही,’ असे आपण लिहिता. शाळेतील मूल वर्गात येते कारण त्याला यावेच लागते. त्याच्यासमोर नेमलेले पुस्तक असते, वर्षाच्या शेवटी परीक्षा असते आणि आज समजले नाही तरी उद्या ते त्याच बाकावर असते. प्रौढ माणूस दिवसभराचे काम आटोपून स्वतःचे पैसे भरून येतो, आणि एखाद्या संध्याकाळी चारचौघांत आपले हसे झाले असे त्याला वाटले, तर तो काही न बोलता दुसऱ्या दिवसापासून येणे बंद करतो. त्याला इंग्रजी कशासाठी हवे हे त्याला पक्के ठाऊक असते, आणि शेजारी बसलेल्याचे कारण पूर्ण वेगळे असते. शिरवळच्या कारखान्यातील पर्यवेक्षकाला परदेशी ग्राहकाच्या तपासणीत यंत्राविषयी चार वाक्ये नीट सांगायची असतात. ब्रिटनमध्ये जाऊ पाहणाऱ्या परिचारिकेला आयईएलटीएस किंवा ओईटी या इंग्रजीच्या परीक्षेत ठरावीक श्रेणी मिळवायची असते. एखाद्या आईला मुलाच्या शाळेतील पालकसभेत गप्प बसून राहायचे नसते. या तिघांना एकाच वर्गात, एकाच तासात, नेमलेल्या पुस्तकाशिवाय पुढे नेणे हे स्वतंत्र कसब आहे. बी.एड.मध्ये ते शिकवले जात नाही, कारण बी.एड.ची रचना शाळेसाठी आहे, आणि त्यात काही गैर नाही. तशीच गोष्ट नुसत्या एम.ए.ची: वाङ्मयाची पदवी भाषा शिकवायला पुरते, हा समज आपल्या महाविद्यालयांतही चांगला रुजलेला आहे.

एक उदाहरण देतो. ‘ही यूज्ड टू वर्क इन पुणे’ हे वाक्य फळ्यावर आहे. आपण आणि मी नियम सांगू, मराठीत अर्थ देऊ आणि विचारू, ‘समजले का?’ सगळे मान हलवतील. प्रौढ तर हमखास, कारण ‘नाही’ म्हणण्याची त्यांना लाज वाटते. प्रशिक्षित शिक्षक हा प्रश्न टाळतो. तो विचारतो, ‘तो पूर्वी पुण्यात काम करायचा का?’, ‘आता करतो का?’, ‘एकच दिवस गेला होता, की बराच काळ?’ उत्तर एका शब्दात द्यायचे असते, म्हणून बोलायला बिचकणाराही ते देतो, आणि कोणाला अर्थ लागलेला नाही हे शिक्षकाला दहा सेकंदांत कळते. असे प्रश्न आयत्या वेळी सुचत नाहीत. प्रत्येक वाक्यरचनेसाठी ते आदल्या रात्री लिहून काढावे लागतात. दुसरी कसोटी याहून कठीण असते: पाऊण तासाच्या तासिकेत शिक्षक स्वतः किती मिनिटे बोलला? आपल्यासारख्या आणि माझ्यासारख्या वक्तृत्वाची सवय लागलेल्या माणसांना हा हिशेब फार झोंबतो.

सेल्टामध्ये नेमके हेच घोटून घेतात. लंडनमध्ये १९६२ साली जॉन हेक्राफ्ट यांनी इंटरनॅशनल हाउस या भाषाशाळेत जो छोटा प्रशिक्षणवर्ग सुरू केला, त्यातून ही परंपरा वाढली. आज हे प्रमाणपत्र केंब्रिज विद्यापीठाच्या परीक्षा विभागाकडून मिळते. साधारण १२० तासांचा हा प्रशिक्षणक्रम पूर्णवेळ केल्यास चार ते पाच आठवड्यांत होतो, सवडीने केल्यास काही महिने लागतात, आणि आता तो ऑनलाइनही करता येतो. त्यात सहा तास खऱ्याखुऱ्या प्रौढ विद्यार्थ्यांना, दोन वेगवेगळ्या पातळ्यांवर, शिकवावे लागते. प्रशिक्षक टिपणे घेत बसलेले असतात आणि तास संपल्यावर सहकाऱ्यांसमोर त्याची चिरफाड होते. चार लेखी स्वाध्याय असतात, प्रवेशाआधी लेखी काम आणि मुलाखत असते. याच धर्तीचा ट्रिनिटी कॉलेज लंडनचाही एक अभ्यासक्रम आहे. मुलीला एक गोष्ट आवर्जून सांगावी: इंटरनेटवर काही हजारांत ‘१२० तासांचे’ प्रमाणपत्र विकणाऱ्या जाहिराती भरपूर दिसतील. तासांचा आकडा सारखा असला, तरी ज्यात एकाही विद्यार्थ्यासमोर उभे राहावे लागत नाही, ते प्रमाणपत्र भिंतीवर लावण्यापलीकडे कामाचे नाही.

मी सेल्टाची वकिली करतो आहे असे समजू नये. त्याचे शुल्क लाखाच्या पुढे जाते. आपल्याकडच्या शाळाभरतीत त्याला काहीही स्थान नाही. ते मिळाले की परदेशाची दारे उघडतात, हेही अर्धसत्य आहे; काही देशांत इंग्रजी शिक्षकाचा व्हिसा मोजक्या इंग्रजीभाषक देशांच्या नागरिकांनाच मिळतो. साताऱ्यात राहून हे काम करायचे तर मोबदला तासावर मिळेल, वेळ संध्याकाळची आणि रविवारची असेल, आणि परीक्षांच्या किंवा लग्नसराईच्या दिवसांत बॅच रिकाम्या राहतील. कंपन्यांच्या प्रशिक्षण विभागाशी स्वतः बोलून काम मिळवण्याची तयारी नसेल, तर केवळ क्लासच्या भरवशावर घर चालणे अवघड आहे. कमी खर्चाची वाट म्हणून हैदराबादच्या इंग्रजी व परकीय भाषा विद्यापीठाचा इंग्रजी अध्यापनाचा पदव्युत्तर प्रमाणपत्र अभ्यासक्रम आणि इग्नूचा तत्सम अभ्यासक्रम तिने जरूर पाहावेत. पाया त्यातूनही पक्का होतो. मात्र समोर प्रौढ बसवून घेतलेल्या सरावाची भरपाई त्यांनी होत नाही.

हे काम आपल्याला हलके वाटते, याचे मात्र वाईट वाटते, कारण आपण सातारचे शिक्षक आहात. प्रौढांना साक्षर करण्याची ग्रामशिक्षण मोहीम १९५९ साली सातारा जिल्ह्यातूनच सुरू झाली आणि पुढे राज्यभर गेली. दिवसा मुलांना शिकवणारे गुरुजी तेव्हा रात्री त्यांच्या आईवडिलांसमोर उभे राहत. ते काम कोणी कमी प्रतीचे मानले नव्हते.

तेव्हा माझे उत्तर असे आहे. येत्या जूनमध्ये तिने बी.एड.लाही जाऊ नये आणि सेल्टालाही. सहा महिने तिने चालू वर्ग सोडू नये. महिन्यातून एकदा स्वतःच्या तासाचे मोबाइलवर चित्रीकरण करून, आपण किती बोलतो आणि विद्यार्थी किती बोलतात ते मोजावे. वर्ग मध्येच सोडून गेलेल्यांपैकी दोघांतिघांना फोन करून कारण विचारावे. एवढे करूनही तिचे मन याच कामात राहिले, तर सेल्टाची मुलाखत द्यावी आणि शुल्काचा निम्मा भार तिने स्वतःच्या कमाईतून उचलावा. मुलांमध्ये रमते असे तिला जाणवले, तर बी.एड.ची प्रवेश परीक्षा पुढच्या वर्षीही होणारच आहे. या काळात आपण स्थळे थांबवावीत असे मी म्हणत नाही. तिच्या कामाचे नाव मात्र न अडखळता सांगावे.

आपल्या पत्रात तिचे स्वतःचे एकही वाक्य नाही. पुढचे पत्र तिने लिहावे, तिच्या शब्दांत, आणि सोबत नुकत्याच घेतलेल्या एखाद्या तासाचे टिपण जोडावे: विद्यार्थी कोण होते, काय शिकवायचे ठरवले होते, प्रत्यक्षात काय घडले. सेल्टाच्या मुलाखतीत तिला तेच विचारतील, आणि मलाही तिच्याविषयी मत बनवायला तेवढे पुरेल.

आपला,
करिअर मार्गदर्शक