पुण्यातला मुठा नदीवरचा भिडे पूल दरवर्षी बुडूनही टिकतो, मग महामार्गावरचा उंच पूल पुरात कसा पडतो?

भिडे पूल बुडणार हे सगळ्यांनी धरलेलंच असतं. खडकवासल्यातून विसर्ग वाढला की वाहतूक बंद होते आणि पाणी ओसरल्यावर गाळ, जलपर्णी काढून रस्ता पुन्हा सुरू होतो. पूल पाण्याखाली गेला एवढ्यावरून मी त्याला धोकादायक म्हणत नाही. बरीच वर्षं पुलांची तपासणी केली. पुलावर पोचलो की मी आधी खाली पात्रात उतरायचो.

खरा घात तिथे होतो. खांबाला धडकलेलं पाणी खाली वळतं, भोवऱ्यासारखं फिरतं आणि पायाभोवतीची वाळू-माती खरवडून नेतं. पूर ओसरताना त्याच खड्ड्यात सैल गाळ भरतो. उन्हाळ्यात गेलात तर तळ सपाट दिसतो आणि सगळं ठीक वाटतं! म्हणून सळई खुपसून पाहावं लागतं. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमांत खांबापाशी सरासरी खरवडीच्या दुप्पट खोली धरतात आणि पाया त्याच्याही खाली नेतात. पाया काळ्या पाषाणात असेल तर ही चिंता बरीच कमी होते. जुन्या दगडी पुलांचा पाया किती खोल आहे, याचे नकाशेच अनेकदा सापडत नाहीत. २०१६ च्या ऑगस्टमध्ये महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात कोसळला आणि दोन एसटी गाड्या माणसांसकट वाहून गेल्या. ती रात्र आमच्यापैकी कुणी विसरलेलं नाही.

‘शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर’ या शब्दांनीही फसू नका. त्याचा अर्थ दरवर्षी एक टक्का शक्यता. तीस वर्षांत तसा पूर एकदा तरी येण्याची शक्यता सुमारे २६ टक्के होते.

आणि पूल शाबूत असला तरी रस्ता बंद पडतोच. २०१९ मध्ये पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्गावर आलं, वाहतूक कित्येक दिवस ठप्प झाली आणि कोल्हापूरकडून येणारं दूधही अडलं. अशा ठिकाणी नुसता भराव टाकून रस्ता उंच केला तर तोच बंधारा होतो आणि पाणी वरच्या गावांत तुंबतं. भरावात पाणी जायला पुरेसे गाळे आणि मोऱ्या हव्यात. पर्यायी रस्ता कुठून नेणार, हेही आधीच ठरलेलं हवं.

तुमच्या वाटेवरचा पूल पाहायचाच असेल तर पाणी उतरल्यावर काठावरूनच पाहा. खांबांना अडकलेले ओंडके, उघडा पडलेला पाया, पुलाला रस्ता मिळतो तिथे खचलेला भराव, यातलं काही दिसलं तर फोटोसह लेखी तक्रार त्याच दिवशी करा.