संस्था 'काढली', 'स्थापन केली' की 'स्थापना केली'?

तुमच्या मंडळाच्या रौप्यमहोत्सवी स्मरणिकेतलं वाक्य असं आहे: 'सन 2001 साली काही तरुणांनी एकत्र येऊन मंडळ स्थापना केले.' ते कानाला खटकतं, पण चूक नेमकी सापडत नाही. मजकूर तपासणाऱ्यांनी 'प्रस्थापित केले' असा बदल सुचवलाय. आणि तुमचे काका 'आम्ही मंडळ काढलं' म्हणतात, ते छापायला तुम्हाला संकोच वाटतो. मी बरीच वर्षं स्मरणिका आणि अहवालांची मुद्रितं तपासतोय. हे वाक्य दर दोन-तीन महिन्यांनी समोर येतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी चूक. 'स्थापना' हे स्त्रीलिंगी नाम आहे आणि त्याच्याआधी 'कशाची' हे यावंच लागतं: मंडळाची स्थापना, पक्षाची स्थापना, संस्थेची स्थापना. क्रियापद 'स्थापने'च्या लिंगाप्रमाणे चालतं, म्हणून तिन्ही ठिकाणी 'केली'. 'स्थापन' मात्र 'करणे'ला चिकटून येतं, तिथे 'ची' लागत नाही आणि क्रियापद त्या त्या वस्तूप्रमाणे बदलतं: मंडळ स्थापन केले, पक्ष स्थापन केला, संस्था स्थापन केली. तुमच्या वाक्यात या दोन रचनांची सरमिसळ झाली आहे. ही चूक इतकी पसरली याचं कारण माझ्या मते 'संस्था' हा शब्दच आहे. तोही स्त्रीलिंगी, त्यामुळे 'संस्था स्थापना केली' यातलं 'केली' दोन्हीकडून बरोबर वाटतं आणि नजरेतून निसटतं. शंका आली की 'संस्था' काढून तिथे 'पक्ष' घालून बघा. 'पक्ष स्थापना केला' असं कुणाच्याही तोंडून येणार नाही. समास केला तर 'ची' जातो, पण मग शब्द जोडून लिहायचा: घटस्थापना, सत्तास्थापना. आणि जाता जाता, 'सन 2001 साली' यात वर्ष दोनदा सांगितलंय. 'सन 2001 मध्ये' किंवा '2001 साली' एवढं पुरे.

'प्रस्थापित'चा बदल मुळीच स्वीकारू नका. मराठीत संपर्क प्रस्थापित होतो, वर्चस्व प्रस्थापित होतं, शांतता प्रस्थापित होते. एखादी स्थिती जम धरते, पक्की होते, तिथे हा शब्द शोभतो. वर राजकारणात 'प्रस्थापित' म्हणजे खुर्चीवर घट्ट बसलेली मंडळी. पंचवीस वर्षांपूर्वी चटईवर बसून मंडळ उभं करणाऱ्या पोरांना तो शब्द लावणं त्यांच्यावर अन्याय होईल. 'स्थापित केले' हे अलीकडे हिंदीच्या वाटेने फार येतं, तेही नको. 'आस्थापना' दिसायला याच घरातला, पण त्याचा सुरुवातीशी संबंध उरलेला नाही. सरकारी कचेरीतली आस्थापना शाखा नेमणुका, बदल्या, रजा बघते, आणि दुकाने व आस्थापना अधिनियमात तो शब्द कामाच्या जागेसाठी आहे.

तुमचं मंडळ गणेशोत्सव करतं, म्हणून एक सावधगिरी. 'स्थापना सकाळी 11 वाजता' असं कार्यक्रमपत्रिकेत छापलं की वाचणारा ते मूर्तीबद्दलच समजतो. स्मरणिकेत दोन्ही गोष्टी शेजारी येणार असतील तर मूर्तीसाठी 'प्रतिष्ठापना' आणि मंडळासाठी 'स्थापना' अशी वाटणी करून टाका.

आता 'काढणे'. हे क्रियापद माझ्या फार जवळचं आहे, आणि ते छापायला लोक लाजतात याचं मला मनापासून वाईट वाटतं. मराठी माणूस शाळा काढतो, वाचनालय काढतो, वर्तमानपत्र काढतो, दिवाळी अंक काढतो, कंपनी काढतो, पक्षसुद्धा काढतो. 'काढून टाकणे'मुळे त्यात उणेपणा आहे असं काहींना वाटतं. पण जरा आजूबाजूचे प्रयोग बघा: रांगोळी काढणे, चित्र काढणे, विहिरीचं पाणी काढणे, मोर्चा काढणे, विषय काढणे. सगळीकडे आत असलेलं, किंवा अजून नसलेलं, काहीतरी बाहेर सर्वांसमोर येतं. संस्था काढणे याच रांगेतलं आहे. 'कंपनी काढली आणि दोन वर्षांत मोडीत काढली' हे वाक्य मराठी माणसाला पहिल्याच वाचनात कळतं, एकच क्रियापद दोन्ही टोकांना असूनही.

'स्थापणे' हे मुळात 'उभं करणे'च. संस्कृतातला 'स्था' धातू उभं राहण्याचा, त्याचं प्रयोजक, म्हणजे दुसऱ्याला उभं करण्याचं, रूप 'स्थापय्'. आपलं रोजचं 'ठेवणे' हे त्याच रूपातून, प्राकृताच्या वाटेने झिजून आलेलं. म्हणजे 'संस्था उभी केली' हे बोलीतलं वाक्य म्हणजे 'स्थापन केली'चा अगदी नेमका अर्थ आहे. 'मुहूर्तमेढ रोवली' हेही तसंच, मांडवाचा पहिला खांब उभा करणं. फक्त तो खांब पहिला असतो, म्हणून चालत्या कामात नवी शाखा उघडली तेव्हा मुहूर्तमेढ रोवू नये. भाषणांत ती हल्ली फार रोवली जाते.

बोलीत प्रत्येक गोष्टीला तिचं तिचं क्रियापद आहे. दुकान थाटतात किंवा टाकतात, पिठाची गिरणी टाकतात, हॉटेलही टाकतात. भिशी लावतात. तमाशाचा फड उभा करतात. बचत गट सुरू करतात. समिती नेमतात, शासन निर्णयात मात्र ती 'गठित करण्यात येते'. शिकवणीचा वर्ग सुरू करतात. त्याची 'स्थापना' केली तर उगाच मोठा आव आणल्यासारखं होतं. 'स्थापना' शोभते ती आपल्या पश्चात चालावी म्हणून उभ्या केलेल्या गोष्टीला.

पुण्याचं एक उदाहरण या सगळ्या छटा एकत्र दाखवतं. विष्णुशास्त्री चिपळूणकर, लोकमान्य टिळक आणि माधवराव नामजोशी यांनी जानेवारी 1880 मध्ये न्यू इंग्लिश स्कूल काढलं. पुढच्याच वर्षी जानेवारीत 'केसरी' काढला. डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली ती 24 ऑक्टोबर 1884 ला, आणि 1885 मध्ये फर्ग्युसन कॉलेज सुरू झालं. शाळा आधी निघाली आणि संस्था चार वर्षांनी आली. हा क्रम अनेक ठिकाणी असाच दिसतो: काम आधी सुरू होतं, मग ते टिकवायला संस्था लागते. या परिच्छेदात सगळीकडे 'स्थापना' घालून बघा, अर्थ तोच राहील, पण चार वर्षांची ती धडपड दिसेनाशी होईल.

म्हणूनच तारखेची काळजी घ्या. आमच्या गावच्या वाचनालयाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेचं काम माझ्याकडे होतं. कागदपत्रांच्या डोक्यावर वर्षानुवर्षं 'स्थापना 1968' छापलं जात होतं. माळ्यावरच्या ट्रंकेत एक लाल कापडी बांधणीची वही सापडली, कडा वाळवीने खाल्लेल्या. पहिल्या पानावर 1966 च्या दसऱ्याची नोंद होती: 'गावात वाचनालय काढण्याचे ठरले. प्रत्येकी दोन रुपये जमा.' खाली अकरा सह्या, त्यात एक अंगठा. वाचता न येणाऱ्या माणसाने वाचनालयासाठी दोन रुपये दिले होते. ती वही मी कितीतरी वेळ हातात धरून बसलो होतो. 1968 हे नोंदणीचं वर्ष होतं. विश्वस्तांपैकी काहींचं म्हणणं, सरकारी कागद सांगतो तीच स्थापना. माझं मत तेव्हाही हेच होतं आणि आजही तेच आहे: ठरवलं, पैसे काढले, सह्या केल्या, त्या दिवशी स्थापना झाली. संस्था नोंदणी अधिनियम 1860 चा आहे, त्यात किमान सात जण लागतात. पण ते सात जण आधी एकत्र आलेले असतात, कायदा त्यांना फक्त ओळखतो. शेवटी आम्ही 'स्थापना : 1966, नोंदणी : 1968' अशा दोन ओळी छापल्या. तुम्हीही तसंच करा. उद्घाटन वेगळ्या दिवशी झालं असेल तर तिसरी ओळ घाला.

जागाही लिहा. रयत शिक्षण संस्थेचं नाव निघालं की सातारा आठवतो, पण कर्मवीर भाऊराव पाटलांनी ती स्थापन केली कऱ्हाड तालुक्यातल्या काले गावी, 4 ऑक्टोबर 1919 ला. साताऱ्याला ती 1924 मध्ये आली. कालेचं नाव नोंदलेलं राहिलं म्हणून आज ते आपल्याला माहीत आहे.

राहिला 'संस्थापक'. हा शब्द मराठी कानाला जड आहे, कारण तो आपण लहानपणापासून 'स्वराज्य संस्थापक' असा ऐकतो. त्यामुळे अकरा जणांनी मिळून काढलेल्या मंडळात एकालाच 'संस्थापक' आणि बाकीच्यांना 'सहकारी' लिहिलं की मनं दुखावतात, आणि रास्त दुखावतात. सगळ्यांना 'संस्थापक सदस्य' लिहा. त्यातला पहिला अध्यक्ष तो 'संस्थापक-अध्यक्ष'. गृहनिर्माण संस्था असती तर नोंदणीपूर्वी खटपट करणाऱ्याला 'मुख्य प्रवर्तक' म्हणतात, तो शब्द तिथेच राहू द्या. स्त्रियांसाठी 'संस्थापक' आणि 'संस्थापिका' दोन्ही चालतात. पण जिथे बाईंनी काम केलं आणि पाटीवर नाव पुरुषांचं लागलं अशी शक्यता असते, तिथे मी आग्रहाने 'संस्थापिका' लिहितो. 1889 मध्ये शारदा सदन काढणाऱ्या पंडिता रमाबाई संस्थापिका होत्या, हे त्या शब्दातूनच कळावं.

तर तुमचं वाक्य असं करा: '2001 साली काही तरुणांनी एकत्र येऊन मंडळ स्थापन केले.' किंवा 'मंडळाची स्थापना केली.' काकांची आठवण छापताना मात्र 'आम्ही मंडळ काढलं' हे त्यांच्याच शब्दांत ठेवा, अवतरणचिन्हांत, एकही अक्षर न बदलता. आणि त्यांना आजच भेटून पहिल्या बैठकीला कोण कोण होतं ते लिहून घ्या. आमच्या वहीतला तो अंगठा कुणाचा, हे सांगणारं माणूस वही सापडली तेव्हा उरलं नव्हतं.