वाचकांचे प्रश्न : सामुराई ध्यानाला का बसले?

प्रश्न : ताई, चित्रपटांत सामुराई लढाईआधी डोळे मिटून ध्यानाला बसलेला दिसतो. जीवहत्या नको म्हणणाऱ्या बुद्धाचा मार्ग योद्ध्यांना कसा काय चालला? आणि सगळेच सामुराई झेन, म्हणजे ध्यानावर भर देणारा बौद्ध पंथ, मानत होते का?
— एक महाविद्यालयीन वाचक

सगळे मानत नव्हते, हे आधी सांगून टाकते. बहुतेक सामुराई लढाईआधी हाचिमान या युद्धदेवतेला हात जोडत आणि परलोकाच्या काळजीने अमिदा बुद्धाचं नाव घेत. नामाचा महिमा मराठी माणसाला वेगळा सांगायला नको! कुमागाई नाओझाने हा त्यांतलाच. ११८४ साली इचिनोतानीच्या लढाईत त्याने आत्सुमोरी या कोवळ्या मुलाला मारलं. आख्यानात सांगतात की ते दुःख त्याला सुटलं नाही. पुढे तो होनेन या नामजप शिकवणाऱ्या भिक्षूचा शिष्य होऊन नामजपाला लागला. त्याचा झेनशी संबंध नाही.

झेन रुजला तो वरच्या थरात, कामाकुरा या योद्ध्यांच्या राजधानीतल्या राज्यकर्त्यांत. क्योतोतल्या जुन्या मठांवर दरबाराचं आणि सरदारघराण्यांचं वजन होतं. कामाकुराच्या नव्या सत्तेला चीनहून थेट आलेले गुरू जवळचे वाटले, आणि १२५३ मध्ये तिथे केन्चोजी हा झेन मठ उभा राहिला. मंगोलांच्या १२७४ आणि १२८१ च्या स्वाऱ्या परतवल्या गेल्या तेव्हा सत्ता होजो तोकिमुनेच्या हाती होती. त्याचा गुरू मुगाकु सोगेन हा चिनी भिक्षू. दुसऱ्या स्वारीच्या पुढच्याच वर्षी तोकिमुनेने गुरूसाठी एंगाकुजी मठ बांधला, आणि तिथे प्रार्थना ठेवली ती दोन्ही बाजूंच्या मृतांसाठी. शत्रूच्यासुद्धा. मला हे फार मोठं वाटतं.

आता तुमचा मुख्य प्रश्न. याचं सगळ्यात नेमकं उत्तर ताकुआन सोहो या भिक्षूने सतराव्या शतकात शोगुनचा, म्हणजे जपानच्या लष्करी सत्ताधीशाचा, तलवारगुरू याग्यू मुनेनोरी याला लिहून दिलं. ताकुआन म्हणतो, समोरच्याच्या तलवारीवर मन अडकलं की तू मेलास. स्वतःच्या तलवारीवर अडकलं तरी तेच. जिंकायचंय यावर अडकलं तरी तेच. झाडाकडे बघताना एका लाल पानावर नजर खिळली तर बाकीची पानं दिसत नाहीत. हजार हातांच्या कान्नोनचं, म्हणजे आपल्या अवलोकितेश्वराचं, मन धनुष्य धरलेल्या एकाच हातात गुंतलं तर उरलेले नऊशे नव्याण्णव फुकट. योद्ध्याला झेनमधून हवं होतं ते हे न अडकणारं मन. मरणाचा विचारही त्याला धरून ठेवू नये, एवढी त्याची गरज होती.

इथे मला एक गोष्ट बोचते आणि ती लपवणार नाही. न अडकणारं मन चांगल्या हातालाही चालतं आणि वाईट हातालाही. करुणा बाजूला काढून नुसती एकाग्रता उचलली तर काय होतं, ते विसाव्या शतकात दिसलं. अनेक झेन मठांनी जपानच्या युद्धांना उघड साथ दिली. सोतो या झेन पंथाने १९९२ मध्ये त्याबद्दल जाहीर पश्चात्ताप व्यक्त केला. बुद्धाचा मार्ग योद्ध्यांना ‘चालला’ खरा, पण त्याची किंमतही मोजावी लागली.

मी स्वतः जपानमध्ये झेनच्या छायेत घडलेला चहाविधी थोडा शिकले, आणि झेन व सामुराई यांचं नातं मला पुस्तकांपेक्षा चहाच्या खोलीच्या दारात जास्त कळलं. सेन नो रिक्यू या सोळाव्या शतकातल्या चहागुरूच्या पद्धतीच्या खोलीचं दार जेमतेम दोन फूट उंच. गुडघे टेकायचे, दोन्ही मुठी आत चटईवर रोवायच्या, डोकं खाली घालायचं आणि सरकत आत जायचं. कमरेला लांब तलवार असेल तर हे जमतच नाही. म्हणून बाहेर, छपराच्या आडोशाला, तलवारी ठेवायची फळी असते. तेव्हाचा जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्या सरदारांनाही तलवार तिथेच ठेवावी लागे. आत गेल्यावर तुम्ही कितीही मोठे असा, केटलीतल्या पाण्याचा आवाज सगळ्यांना सारखाच. याच हिदेयोशीने १५९१ मध्ये रिक्यूला पोट चिरून मरायची आज्ञा केली, हेही विसरता येत नाही.

प्रश्न : बुशिदो, म्हणजे ‘योद्ध्याचा मार्ग’, ही सामुराईंची प्राचीन लिखित आचारसंहिता होती का?
— एक निवृत्त शिक्षक

सर, सर्वांसाठी एकच संहिता कधी नव्हती. घराण्याघराण्यांचे आपापले उपदेश होते आणि त्यांत जमाखर्चापासून दारूपर्यंत सगळं येई. ‘सामुराईचा मार्ग म्हणजे मरण’ हे गाजलेलं वाक्य ‘हागाकुरे’ या सामुराईंसाठीच्या उपदेशसंग्रहातलं. ते सांगणारा यामामोतो त्सुनेतोमो १६५९ चा, म्हणजे शांततेच्या काळातला, कचेरीतली कामं केलेला माणूस. आणि जगभर पोचलेलं बुशिदोचं चित्र आहे नितोबे इनाझो यांच्या १९०० मधल्या इंग्रजी पुस्तकातलं. तोवर सामान्य सामुराईला तलवार लावून हिंडायला १८७६ च्या हुकुमाने बंदी होऊन दोन तपं उलटली होती.

प्रश्न : जपानला गेल्यावर यातलं काय बघावं?
— एक वाचक

एंगाकुजी बघाच, किता-कामाकुरा स्टेशनला अगदी लागून आहे. क्योतोजवळ यामाझाकीला रिक्यूची ‘ताईआन’ ही दोन चटयांची खोली आहे. ती बघायला आधी परवानगी घ्यावी लागते, तेव्हा विमानाचं तिकीट काढलंत की लगेच अर्ज करा.