वाचकांचे प्रश्न : बॉनेटवरचे चाळीस मायक्रॉन

प्रश्न : मी सातारा जिल्ह्यातील एका औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत मोटार मेकॅनिक अभ्यासक्रमाचा शिल्प निदेशक आहे. वर्गातील काही मुलांना इंजिनापेक्षा गाडीच्या बाह्यरूपात अधिक रस असल्याचे दिसते. कार डिटेलिंगमध्ये, म्हणजे गाडीचा रंग आणि आतला भाग बारकाईने स्वच्छ करून जपण्याच्या कामात, नोकरी-व्यवसाय होऊ शकतो, एवढे ती ऐकून आहेत. पण त्यांच्या मते डिटेलिंग म्हणजे चांगले धुऊन वर पॉलिश मारणे. एका दिवसात आणि फार खर्च न करता त्यांना या कामाची खरी ओळख कशी करून द्यावी?

उत्तर : व्हिडिओ दाखवून सुरुवात करू नका. भंगारवाल्याकडून एक बॉनेट आणा. ते पोलादी असावे, त्यावर कारखान्यातला मूळ रंग असावा आणि शक्यतो तो काळा किंवा गडद निळा असावा, कारण पांढऱ्या आणि चंदेरी रंगात जे दोष झाकून जातात ते काळ्या रंगात लपत नाहीत.

ते बॉनेट टेबलावर ठेवून मुलांना मोबाइलचा टॉर्च तिरपा धरून पाहायला सांगा. प्रकाशाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक गोल ओरखडे दिसतील. कोरड्या फडक्याने धूळ झटकून, किंवा रस्त्यावरच्या वॉशिंग सेंटरमध्ये दहा गाड्यांना फिरवलेल्या एकाच स्पंजने घासून, वर्षानुवर्षे ते पडलेले असतात. आता बॉनेट धुऊन कोरडे करा आणि एकेका मुलाला हातावर पातळ प्लास्टिकची पिशवी चढवून त्यावरून हलका हात फिरवू द्या. उघड्या हाताला जो पृष्ठभाग गुळगुळीत वाटला, तोच पिशवीतून वाळूच्या कागदासारखा खरखरीत लागतो. ब्रेकमधून उडालेले लोखंडाचे कण, डांबराचे ठिपके आणि झाडांचा चीक धुतल्यानंतरही रंगाला चिकटून असतात, हे त्या क्षणी हातालाच कळते. लोखंडाचे कण विरघळवणारे द्रावण मिळाले तर तेही फवारून दाखवा. कणांशी अभिक्रिया होऊन ते जांभळे ओघळ सोडते आणि वर्ग एकदम जागा होतो. उरलेली घाण, पृष्ठभाग भरपूर ओला ठेवून, क्ले नावाच्या मऊ मातीसारख्या गोळ्याने काढायची असते. तो गोळा एकदा जमिनीवर पडला की टाकून द्यावा, कारण त्यात रुतलेला खडा पुढच्या हाताला रंगावर रेघा ओढतो.

यानंतरचा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे आणि त्यावर अर्धा दिवस खर्च झाला तरी चालेल. फळ्यावर रंगाचा उभा छेद काढा : पत्रा, त्यावर गंजरोधक थर, मग प्रायमर, मग प्रत्यक्ष रंग आणि सर्वांत वर पारदर्शक क्लिअर कोट. हे सगळे मिळून साधारणपणे १०० ते १५० मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) भरते आणि त्यातला क्लिअर कोट ३५ ते ५० मायक्रॉनच्या आसपास असतो. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाड धरला, तर गाडीची सगळी चमक अर्ध्या केसाएवढ्या थरावर अवलंबून आहे, असा याचा अर्थ होतो. बफिंग मशीनने ओरखडा ‘जातो’ असे आपण म्हणतो, परंतु वस्तुतः ओरखड्याच्या तळापर्यंत आजूबाजूचा क्लिअर कोट कापला जातो. एका पूर्ण कामात एक-दोन ते पाच मायक्रॉन सहज निघून जातात. त्यामुळे चांगला कारागीर किती चमक आणतो, याइतकेच तो किती थर शिल्लक ठेवतो हेही पाहिले जाते. काही ओरखडे अर्धवट ठेवून ग्राहकाला तसे स्पष्ट सांगणे हाही या कामाचाच भाग आहे.

रंगाची जाडी मोजणारे उपकरण संस्थेने जरूर विकत घ्यावे. बॉनेटच्या मध्यावर, कडेला आणि शक्य झाल्यास एखाद्या रंगकाम झालेल्या दरवाजावर मुलांना मोजमाप घेऊन वहीत लिहायला सांगा. एखाद्या ठिकाणी आकडा अचानक तीनशेच्या पुढे गेला, तर तेथे पुन्हा रंग झालेला असणार आणि हजाराकडे झुकला तर खाली लांबी, म्हणजे पत्र्याचे खड्डे बुजवणारी पुटी, भरलेली असणार. जुन्या गाड्यांच्या व्यवहारात ही तपासणी रोज लागते. प्लास्टिकच्या बंपरवर साधे उपकरण काहीच दाखवत नाही, कारण ते खालच्या धातूच्या आधाराने मोजते. हे आधी न सांगता मुलांना बंपरवर मोजून पाहू द्या आणि कारण त्यांच्याकडूनच काढून घ्या.

शेवटी बॉनेटच्या मधोमध मास्किंग टेप लावा आणि एका बाजूलाच मशीन फिरवा. नवशिक्याच्या हातात दुहेरी गतीचे, म्हणजे स्वतःभोवती फिरता फिरता डोलणारे मशीन द्यावे. एकाच अक्षाभोवती फिरणारे रोटरी मशीन जलद कापते, पण एका जागी रेंगाळले की रंग तापवून जाळते. मी स्वतः शिकाऊ असताना एका गडद लाल गाडीच्या बॉनेटच्या कडेवर रोटरी दोन सेकंद जास्त टेकवली होती आणि पॅडवर लाल रंग उमटलेला पाहून माझे हातपाय गार पडले होते. त्या बॉनेटच्या रंगाचे पैसे कित्येक महिने पगारातून कापले गेले. कडांवर आणि उठावाच्या रेषांवर रंग मुळातच पातळ बसतो, म्हणून तेथे आधी टेप लावायची, हा धडा भंगारातल्या बॉनेटवर मिळालेला बरा. त्यासाठी एक कड मुद्दाम जाळूनही दाखवा.

प्रश्न : माझा मुलगा दोन वर्षांचा अभ्यासक्रम उत्तम गुणांनी पूर्ण करून आता एका डिटेलिंगच्या दुकानात जातो. तेथे तो दिवसभर गाड्या धुतो. नातेवाईक विचारतात तेव्हा काय सांगावे हे कळत नाही. याला भवितव्य आहे का? — एक वडील, नांदेड

उत्तर : आपली अस्वस्थता मी समजू शकतो आणि ती गोड शब्दांनी झाकण्याचा प्रयत्न करणार नाही. सुरुवातीचा पगार बेताचा असतो, दिवसभर उभे राहावे लागते, हात ओले राहतात आणि संध्याकाळी कंबर धरते. तरीही पहिले काही महिने धुण्यातच गेले पाहिजेत, कारण बहुतेक ओरखडे धुताना आणि पुसतानाच पडतात. शाम्पूच्या पाण्याची आणि फडके खळबळण्याची अशा दोन वेगळ्या बादल्या ठेवणे, चाकांचे साहित्य वेगळे ठेवणे, गाडी सावलीत आणि पत्रा थंड असताना वरून खाली धुणे या सवयी एकदा अंगात मुरल्या की पुढचे सारे सोपे होते.

आपण खरे पाहायचे ते हे, की त्याला पुढची पायरी दाखवली जाते आहे की नाही. धुण्यानंतर आतील स्वच्छता, मग मशीनचे काम, मग सिरॅमिक कोटिंग, म्हणजे रंगावर लावायचा कठीण पारदर्शक लेप, आणि त्यानंतर पीपीएफ, म्हणजे रंगावर बसवली जाणारी पारदर्शक पॉलियुरेथेनची फिल्म, असा हा जिना आहे. फिल्म बसवणाऱ्या हाताला चांगली मागणी आहे, कारण कोपऱ्यावर ती न ताणता, बुडबुडा न ठेवता आणि ब्लेडची रेघ खालच्या रंगावर न उमटवता बसवायला फार सराव लागतो. वर्ष उलटून गेले आणि मुलाच्या हातात अजून फक्त पाइपच असेल, तर दुकान बदलावे. एकदा सहज म्हणून तेथे जाऊनही या. चाकांसाठीच्या काही द्रावणांत तीव्र आम्ले असतात. हायड्रोफ्लोरिक आम्ल असलेले द्रावण तर कातडीतून आत शिरून हाडापर्यंत इजा करू शकते. कामगारांना हातमोजे आणि चष्मे न देणाऱ्या मालकाकडे मुलाला एक दिवसही ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुकान नको असेल तर १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली एखाद्या वाहन विक्रेत्याच्या कार्यशाळेत, बॉडी आणि पेंट विभागात, विद्यावेतनावर शिकता येते. नातेवाइकांना मात्र मुलगा काय काम करतो हे मुलालाच सांगू द्यावे.

प्रश्न : मी अंतिम वर्षाचा विद्यार्थी आहे. गावात घरीच डिटेलिंग सुरू करण्याचा विचार आहे. आमच्याकडे बोअरचे पाणी आहे. गाडी धुतली की पांढरे डाग राहतात. काय करावे? भांडवलही फारसे नाही. — जत, जिल्हा सांगली

उत्तर : ते डाग कॅल्शियम आणि मॅग्नेशियमच्या क्षारांचे आहेत. पाणी उडून जाते आणि क्षार मागे राहतात. उन्हात ते क्लिअर कोटमध्ये रुतत जातात आणि मग धुण्याने निघत नाहीत. ताज्या डागांवर पाण्यात मिसळलेला पांढरा व्हिनेगर लावून लगेच धुऊन टाकल्यास बहुतांशी काम होते. पाणी मऊ करणारे यंत्र घ्यावे असे तुम्हाला कोणी सुचवेल, पण ते क्षारांच्या जागी सोडियम आणते, पाण्यातले एकूण विरघळलेले पदार्थ तेवढेच राहतात. अशा पाण्याचे डाग सहज पुसले जातात, पण डाग पडायचे थांबत नाहीत. म्हणून धुणे बोअरच्या पाण्याने, शेवटचे एक-दोन बादल्यांचे खळबळणे आरओच्या पाण्याने आणि त्यानंतर लगेच जाड मायक्रोफायबरने टिपून घेणे, हा तुमच्यासाठी परवडणारा मार्ग आहे.

त्याहूनही बरे म्हणजे सुरुवात गाडीच्या आतून करा. जतसारख्या पाण्याची ओढ असलेल्या भागात व्हॅक्यूम क्लीनर, मऊ ब्रश, फवारणीची बाटली आणि चांगली फडकी यांवर व्यवसाय उभा राहतो. लग्नसराईत, लांबच्या प्रवासानंतर आणि गाडी विकायला काढण्यापूर्वी लोक आतील स्वच्छतेसाठी पैसे मोजतात. सीटखाली एअरबॅग आणि सीटबेल्टच्या वायरींचे जोड असतात, तेथे पाणी फवारू नये. छताचे कापड फार भिजवल्यास गोंद सुटून ते लोंबू लागते. गाडीच्या खालच्या बाजूला डिझेल मारण्याची आपल्याकडची पद्धत ग्राहकाने आग्रह केला तरी पाळू नका, कारण त्याने रबरी बुश फुगतात. भांडवलासाठी २०१५ पासून सुरू असलेल्या मुद्रा योजनेतील ‘शिशु’ गटात ५० हजार रुपयांपर्यंत कर्ज मिळते आणि आतील कामाच्या साहित्याला तेवढे पुरेसे आहे. सिरॅमिक कोटिंगच्या बाटल्या पहिल्याच दिवशी घेऊन ठेवू नका. बाटलीवरचा ‘९एच’ हा पेन्सिलीच्या शिशाने ओरखडे पाडून मोजलेला कठीणपणा आहे. त्यामुळे गाडीवर दगडाचा टवका उडणार नाही असे कोणी सांगत असेल, तर त्यावर विश्वास ठेवू नका आणि ग्राहकालाही तसे सांगू नका.

प्रश्न : ग्राहक काचांना काळी फिल्म लावून मागतात, तसेच गाडीचा रंग बदलणारे रॅपही (गाडीवर चिकटवायची रंगीत फिल्म) मागतात. हे काम घ्यावे का? — एक विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : काळ्या फिल्मला नाही म्हणा. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०० नुसार पुढच्या व मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे. रॅपचे काम घेता येईल. मात्र गाडीचा रंग नोंदणी प्रमाणपत्रात लिहिलेला असल्याने, बदललेल्या रंगाची नोंद परिवहन कार्यालयात करून घ्यावी लागेल हे ग्राहकाला काम सुरू करण्यापूर्वी सांगा आणि पावतीवर तसे लिहून त्याची सही घ्या.